इंजिनाच्या पुढच्या खिडकीतून

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणार. तो आढावा स्मरणिकेत अन्यत्र छापला आहे. पटसंख्येचे आकडेही तेथे आहेत, आणि ते मी लपवलेले नाहीत. इंदूरसारख्या शहरात, जिथे मुलाच्या घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि बाबांच्या भ्रमणध्वनीवर इंग्रजी असते, तिथे मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मला मिळालेल्या वीस मिनिटांत मी एका खेळण्यातल्या आगगाडीविषयी बोलणार आहे. वरच्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत ती धावते आहे, आणि गेले सहा महिने तिने शाळेला बरेच काम लावले आहे.

आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी परदेशातून परतताना या गाडीचा एक जुना संच घेऊन आले आणि तो त्यांनी शाळेला दिला. ते आज समोर बसले आहेत. नाव घेऊ नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून घेत नाही. एक इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे आणि बारा व्होल्टचा नियंत्रक, एवढाच तो संच. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. जगभर सर्वांत अधिक प्रचलित असलेला हा आकार. त्यात प्रत्यक्ष गाडीची प्रतिकृती सत्त्याऐंशी पट लहान असते. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. आपल्यापैकी ज्यांनी ते पाहिले असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर अशी गाडी लगेच उभी राहील.

मुलांना मात्र परदेशातली गाडी नको होती, कालाकुंडचा घाट हवा होता. आमच्या विज्ञानाच्या सरांनी त्यांना विचारले, ‘‘तो तर मीटरगेज, मग हे रूळ चालतील कसे?’’ आठवीतल्या एका मुलीने पाटीवर भागाकार मांडला. एक हजार मिलिमीटरला साडेसोळाने भागले की साठ आणि वर थोडे येते. म्हणजे याच रुळांना मीटरगेज मानले, तर बाकीचे सारे जग साठ पट लहान करायचे, की हिशेब जुळला. शाळेचे साठावे वर्ष आणि प्रमाण एकास साठ! हा योगायोग मी अध्यक्षांना सांगितला, तेव्हा त्यांनी लाकडी टेबलाच्या खर्चाला तत्काळ मंजुरी दिली. गणिताचा असा रोख उपयोग माझ्या नोकरीत क्वचितच झाला आहे.

या घाटाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण नव्या पिढीच्या पालकांपैकी अनेकांनी ती गाडी नुसती ऐकली आहे. खांडव्याहून इंदूरला येणारा हा मार्ग बांधण्यासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते, साडेचार टक्के व्याजाने आणि एकशे एक वर्षांच्या मुदतीने. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. १८७०च्या दशकात हा मार्ग झाला. कालाकुंड ते पाताळपाणी हा त्यातला सर्वांत अवघड टप्पा. चाळीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर, असा चढ. वर येणाऱ्या गाडीला मागून दुसरे इंजिन लावून रेटावे लागे. आपल्या पहिल्या काही तुकड्यांतील मुले महूकडून याच मीटरगेजने शाळेत येत, आणि गाडीला उशीर झाला की पहिल्या तासाला वर्ग अर्धा रिकामा असे. आता हा मार्ग रुंद होतो आहे. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर २०१८च्या डिसेंबरात पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली, आणि आमची मुले तीतूनच सहलीला गेली होती.

तर, सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबलावर घाट उभा राहिला. वर्तमानपत्राचा लगदा, कोळशाची भुकटी, बाभळीच्या काटक्या. इंजिनाच्या यंत्रावर मुलांनी पुठ्ठ्याचे नवे अंग चढवले. एक बोगदा, एक स्टेशन, आणि कोपऱ्यात हट्टाने आपली शाळा. प्रत्यक्षात शाळेचा आणि घाटाचा काही संबंध नाही. पण मुलांच्या भूगोलात तेवढे चालते. वळणे खऱ्या घाटाहून कितीतरी अधिक तीव्र आहेत, याबद्दल रेल्वेत काम केलेल्या आजोबा मंडळींनी क्षमा करावी. टेबल तेवढेच होते.

इथवर सारे रीतसर प्रकल्पासारखे होते. मग कोणीतरी म्हणाले, इंजिनावर कॅमेरा बसवू या.

ही कल्पना नवी नाही, आणि तिच्यामागे मोठा वारसा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्यूमिएर बंधूंची चलचित्रे प्रथम दाखवली गेली, त्यांत स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. तिथे कॅमेरा फलाटावर उभा होता आणि गाडी त्याच्याकडे येत होती. १८९७ साली अमेरिकेत इंजिनाच्या पुढच्या भागावर कॅमेरा बसवून हॅव्हरस्ट्रॉच्या बोगद्यातून गाडी नेली गेली. प्रेक्षकाला इंजिन दिसेना, चालक दिसेना, नुसते रूळ पोटाखाली धावत येताना दिसत. इंग्रजीत अशा चित्रांना भुताची सफर म्हणू लागले. आणि अगदी अलीकडे, २०१६ साली, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातील प्रसिद्ध लघुरेल्वे प्रदर्शनात गूगलने इवल्याशा गाड्यांवर चिमुकले कॅमेरे बसवून तिथले रस्ते आणि रूळ चित्रित केले. मुलांनी ते पाहिले होते. मुख्याध्यापिकेने पाहिले नव्हते. तिला मुलांनी दाखवले.

कॅमेरा म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा, अंगठ्याएवढा. त्यातच घट, त्यातच साठवणीचे कार्ड. तो इंजिनावर मावेना, म्हणून इंजिनापुढे एक उघडी वॅगन जोडली आणि कॅमेरा तिच्यावर बसवला. म्हणजे इंजिन तिला ओढणार नाही, ढकलणार. इथेच पहिला धडा मिळाला. हलकी वॅगन ढकलली की वळणावर रुळांवरून उतरते. मुलांनी तिच्या पोटाखाली लोखंडी वायसर चिकटवले. वजन खाली गेले, वॅगन रुळांवर टिकली. पण आता चढावर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली. कालाकुंडला मागून इंजिन का लावत, ते पुस्तकातून सांगून जे समजले नसते ते दोन मिनिटांत समजले. आमच्याकडे दुसरे इंजिन नव्हते, म्हणून दोन डबे काढले.

कॅमेरा किती उंचीवर असावा, यावर एक पूर्ण शनिवार गेला. वॅगनवर नुसता ठेवला तर चित्र पतंगावरून काढल्यासारखे येई, कारण खाली जाड तळवा होता. चालकाचा डोळा रुळापासून सुमारे दोन मीटर सत्तर सेंटिमीटरवर असतो असे धरले, तर साठाने भागून पंचेचाळीस मिलिमीटर येतात. भिंग त्या उंचीवर आणले मात्र, आणि पुठ्ठ्याचा डोंगर डोंगर झाला. हा क्षण मी पाहिला आहे. आपण उभे राहून ज्याच्याकडे खाली पाहत होतो, ते एकाएकी अंगावर येऊ लागले.

गाडीचा वेगही तसाच हिशेबाने ठरला. तासाला तीस किलोमीटर वेगाची गाडी साठ पट लहान जगात सेकंदाला चौदा सेंटिमीटर जायला हवी. मुले ती तिप्पट पळवत होती. वेग उतरवल्यावर बारा मीटरांचा फेरा दीड मिनिटात होऊ लागला. वळणावर भिंग रूळ सोडून दरीकडेच बघत राही. ते वॅगनच्या टोकावरून काढून पुढच्या चाकजोडीच्या बरोबर वर आणले, तेव्हा रूळ चौकटीत राहिले. रुळांच्या प्रत्येक सांध्यावर चित्र थरथरे, म्हणून खाली फोम घातला. त्याने कॅमेरा मान डोलावू लागला. शेवटी सायकलच्या ट्यूबची एक पातळ पट्टी पुरली.

आता माझ्या चुकीकडे येते. एवढे सगळे होऊनही चित्र धूसर येत होते. दूरची भिंत स्पष्ट आणि जवळची झाडे पुसट. सातवीतला एक मुलगा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले, तर त्याने कॅमेरा उघडला होता आणि भिंगाच्या कडेचा सरस घड्याळाच्या पेचकसाने खरवडत होता. शाळेच्या पैशांनी घेतलेली वस्तू, न विचारता. मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखे नाही. तो वर्गात मागे बसतो, मराठीच्या निबंधात चार ओळींच्या पुढे जात नाही, आणि त्याच्याविषयी माझे मत आधीच तयार होते, हे मला कबूल केले पाहिजे. त्याने उत्तर दिले नाही. भिंग अर्ध्या आट्याने बाहेर फिरवले, सरसाचा एक थेंब लावला आणि कॅमेरा माझ्यापुढे ठेवून निघून गेला. कारखान्यात असे भिंग लांबच्या दृश्यासाठी कायमचे पक्के करतात. आमचे सारे जग हातभर अंतराच्या आत होते. त्या दिवसापासून चित्रात बाभळीच्या काटकीवरची गाठसुद्धा दिसू लागली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, सर्वांसमोर, मी त्याची क्षमा मागितली. बोलणी खोलीतल्या दहा जणांनी ऐकली होती. क्षमा सर्वांनी ऐकावी असे मला वाटले.

पहिला पूर्ण फेरा आम्ही भिंतीवर पडद्यासारखा दाखवला. गाडी स्टेशनातून निघाली, पूल ओलांडला, बोगद्यात शिरली. पडदा काळा. मग समोर एक पांढरा ठिपका, तो मोठा होत होत सगळे चित्रच पांढरे, आणि त्या पांढऱ्यातून हळूहळू दरी. कॅमेऱ्यालाही डोळे सरावायला क्षणभर लागतो. सभागृहात कोणी श्वास घेत नव्हते. आणि नंतर गाडी आपल्या शाळेच्या मागून गेली.

शाळेची पुढची बाजू मुलांनी मन लावून रंगवली होती. कमान, फळ्यावरचा सुविचार, झेंड्याचा खांब. मागची बाजू भिंतीकडे होती. तिथे कोणी पाहणार नाही, म्हणून ती तशीच सोडलेली. चित्रात बिस्किटांच्या खोक्यावरची अक्षरे आली, चिकटपट्टी आली, किंमतसुद्धा आली. सगळे हसले. हीरक महोत्सवाच्या चित्रफितीतून तेवढा तुकडा कापावा, असे समितीचे मत पडले आणि माझेही तेच होते. भागाकार मांडणारी ती आठवीची मुलगी म्हणाली, ‘‘पण बाई, गाडीतल्या माणसाला ते दिसतंच की.’’

मी तिला काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खऱ्या शाळेच्या मागे चक्कर मारली. खरे सांगते, कित्येक महिन्यांत गेले नव्हते. मुलींच्या स्वच्छतागृहाजवळचा नळ वाहत होता, आणि मोडक्या बाकांचा ढीग मागच्या फाटकाला असा टेकून होता की आग लागली असती तर ते उघडलेच नसते. बाक त्याच संध्याकाळी हलवले. नळाला प्लंबर यायला आठवडा लागला. चित्रफितीतला तो तुकडा कापलेला नाही. आज दुपारी आपल्याला दिसेल, तेव्हा खुशाल हसावे.

भिंग खरवडणाऱ्या मुलाचे वडील रेल्वेत गँगमन आहेत. हे मला त्याच्या प्रवेशअर्जावरून ठाऊक असायला हवे होते. कळले ते त्या प्रसंगानंतर. मुलाने घाटाच्या वळणावर, जिथे दोन्ही बाजूंना खडक आहे तिथे, पावणेतीन सेंटिमीटर उंचीचे पाच मातीचे पुतळे उभे केले होते. चौघांच्या हाती पहार आणि फावडी, पाचव्याच्या हाती लाल झेंडी. चित्रात गाडी वळण घेते आणि ती पाच माणसे क्षणभर दिसून मागे पडतात. पालकसभेला ते वडील आले, तेव्हा मी त्यांना वर नेऊन फीत दाखवली. ते शेवटपर्यंत उभेच राहिले. पुन्हा एकदा लावा म्हणाले. मग म्हणाले, ‘‘बाई, पंचवीस वर्षं झाली मला या कामाला, पण इंजिनातून आम्ही कसे दिसतो ते आज पाहिलं. एवढेच दिसतो का?’’

मी म्हटले, प्रमाण एकास साठ आहे. ते हसले. मग टेबलाकडे गेले आणि त्यांनी आमच्या चुका काढल्या. माणसे रुळाला फार चिकटून उभी आहेत. गाडी आली की अवजारे घेऊन पार बाजूला व्हायचे असते. खडकांमधल्या वळणावर गाडी दिसत नाही, आधी ऐकू येते. पावसाळ्यात तीही नीट नाही. आणि झेंडीवाला काम चालते तिथे उभा करून काय उपयोग? तो गाडी जिकडून येते तिकडे, निदान अर्धा किलोमीटर अलीकडे हवा. चालकाने त्याला पाहिले, तर गाडी थांबायला वाव मिळतो. ‘‘तो एकटाच असतो तिकडे,’’ असे ते म्हणाले. मुलगा शेजारी उभा होता. त्याने चारही माणसे उचलून खडकाशी सरकवली. झेंडीवाला हातात धरून तो विचार करत राहिला.

अर्धा किलोमीटर म्हणजे पाचशे मीटर. त्यांना साठाने भागले तर आठ मीटर आणि तेहतीस सेंटिमीटर. आमचे टेबल पाच मीटरांचेही नाही. सरांनी सुचवले की वळणे आपण आखडली तसे हे अंतरही आखडू. झेंडीवाला स्टेशनाजवळ ठेवला तरी चालेल, कोणाच्या लक्षात येणार नाही. मुलगा नाही म्हणाला. मला वाटते, शाळेत आल्यापासून तो शिक्षकांना उघडपणे प्रथमच नाही म्हणाला असेल. वडिलांनी मध्ये काहीच म्हटले नाही. मग बापलेकांनी मिळून सुतळीने अंतर मोजले: टेबलाच्या टोकापर्यंत, तिथून दारापर्यंत, दाराबाहेर.

चित्रफीत आता जेवणानंतर दोन वाजता याच सभागृहात आहे. सात नंबरची खोली लहान आहे, म्हणून आठ-आठ जणांनी वर जावे. टेबलावर कोणी ओणवे होऊ नये, पदर आणि ओढण्या सांभाळाव्यात; सकाळी एका पाहुण्यांच्या उपरण्याने पूल गेला, तो मुले दुरुस्त करत आहेत. ज्यांना स्वतः गाडी चालवायची असेल त्यांनी नियंत्रक मुलांना विचारून हातात घ्यावा आणि वेग मुले सांगतील तेवढाच ठेवावा. आणि जिना चढून गेल्यावर, खोलीत शिरण्याआधी, व्हरांड्यात डाव्या हाताला भिंतीलगत खडूने एक लहान वर्तुळ काढले आहे. त्यात झेंडी घेतलेला एक माणूस उभा आहे. तो कॅमेऱ्यात येत नाही. कृपया त्याच्यावर पाय देऊ नये.